तीस वर्षांच्या फ्लॅटचे नूतनीकरण : तोडफोडीआधी ठरवायचे आणि झाकण्याआधी तपासायचे

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांत १९८५ ते १९९५ या काळात उभ्या राहिलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांमधले फ्लॅट आता दुसऱ्या पिढीच्या हाती येत आहेत. मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, कुठे कुठे अॅल्युमिनियमची वायर आणि एका खोलीला एक प्लग अशी ही घरे असतात. त्यांचे काम प्रथमच काढणाऱ्यांसाठी हा लेख आहे. आमच्या स्वतःच्या घरासह चार घरांची कामे मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली आहेत. त्यांत जे जे दुसऱ्यांदा फोडावे लागले, ते सगळे भिंतीच्या किंवा फरशीच्या आतले होते आणि तपासणी न करता झाकले गेले होते. त्यामुळे टाइल्स आणि रंग निवडण्याची हौस थोडी पुढे ढकलून, जे पुढे दिसणार नाही त्यापासून मी सुरुवात करतो.

घर आधी वाचून घ्या

शक्य असेल तर काम सुरू करण्यापूर्वी एक पावसाळा त्या घरात काढा, निदान जुलैमध्ये दोन-तीनदा जाऊन भिंती पाहून या. ओल कधी येते, यावरून ती कुठून येते हे बरेचसे कळते. फक्त पावसात येणारी आणि ऑक्टोबरनंतर वाळणारी ओल बाहेरच्या भिंतीची, छज्ज्याची किंवा खिडकीच्या चौकटीची असते. बारा महिने टिकणारी ओल नळाच्या पाइपची किंवा वरच्या घरातल्या न्हाणीघराची असते. वरचे कुटुंब गावी गेल्यावर डाग वाळू लागला, तर शंका न्हाणीघराकडे वळवावी. आपल्याच पाइपचा संशय असेल, तर रात्री सगळे नळ बंद करून आणि टाकीपासून घरात येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवून दोन-तीन दिवस फरक पाहावा. कारण न शोधता त्यावर वॉटरप्रूफ पुट्टी आणि महागडा रंग लावला, तर पुढच्या श्रावणापर्यंत पोपडे धरतातच. दुरुस्ती कोणी करायची, हेही कारणावरच ठरते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (कारभाराच्या नियमावलीनुसार) बाहेरच्या भिंतीतून, पावसामुळे किंवा सामाईक पाइपमधून होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, तर संडास, मोरी, सिंक यांच्यामुळे होणारी घरातली गळती ज्या त्या सदस्याने.

त्यानंतर मान वर करून स्लॅब पाहा. काठीच्या टोकाने किंवा हलक्या हातोडीने छत ठोकत गेल्यास जिथे प्लास्टर सुटले आहे तिथे पोकळ आवाज येतो. आतली सळई गंजली की फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून बाहेर काढते, म्हणूनच जुन्या घरांत छताच्या खपल्या पडतात. समुद्राजवळच्या शहरांत हे अधिक लवकर होते. अशा छताखाली फॉल्स सीलिंग करून टाकणे ही माझ्या मते सगळ्यांत धोकादायक चूक आहे, कारण त्यानंतर सळई किती खाल्ली गेली हे कोणाला दिसत नाही आणि सुटलेली खपली एक दिवस त्या जिप्सम बोर्डासकट खाली येते. सैल काँक्रीट काढून, सळईचा गंज साफ करून, तिला गंजरोधक लेप देऊन आणि पॉलिमरयुक्त मॉर्टरने जागा भरून घेतल्यावरच सीलिंगचा विचार करावा. संस्थेकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी असे ऑडिट करावे, असे उपविधी सांगतात, त्यामुळे अहवाल मागणे हा आगाऊपणा नाही.

काय पाडायचे नाही

भिंत पाडून हॉल मोठा करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आरसीसी चौकटीच्या, म्हणजे काँक्रीटच्या खांब-तुळयांवर उभ्या असलेल्या, इमारतीत साडेचार इंची आतली भिंत बहुधा केवळ आडोसा असते, परंतु भारवाहक भिंतींच्या जुन्या इमारतीत नऊ इंची भिंतीवर स्लॅबच टेकलेला असतो. आपली इमारत कोणत्या प्रकारची आहे, हे ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनावरून ठरवू नये. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावून, त्याचे लेखी मत घेऊनच भिंतीला हात लावावा. त्याची फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते. खांब आणि तुळई यांत पाइपसाठी किंवा वायरसाठी खाच मारायची नाही, मग ती अर्ध्या इंचाची का असेना. घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावला गेल्याचा आरोप तेव्हा रहिवाशांनी केला होता. एका घरातले काम हे त्या एका घरापुरते कधीच नसते, हे प्रत्येक सदस्याने मनावर घ्यावे असे मला फार वाटते.

संस्थेला लेखी अर्ज द्या आणि त्यात कामाचे स्वरूप, कालावधी आणि ठेकेदाराचे नाव लिहा. बहुतेक संस्था अनामत रक्कम आणि हमीपत्र घेतात, तसेच ठोकाठोकीच्या वेळाही ठरवून देतात, ज्यात दुपारची विश्रांतीची वेळ सोडलेली असते. संडास-न्हाणीघराची जागा हलवून ती खालच्या घराच्या स्वयंपाकघरावर किंवा झोपण्याच्या खोलीवर आणू नये. रचनेत बदल होणार असेल, तर संस्थेच्या परवानगीखेरीज महापालिकेचीही लागते आणि ती इंजिनिअरमार्फतच मागावी.

कागदावरचे काम

येथे घालवलेले तीन आठवडे पुढचे दोन महिने वाचवतात. खोलीचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढा, पण त्यावर विसंबून न राहता पलंग, कपाट, सोफा यांची मापे खडूने प्रत्यक्ष फरशीवर आखा आणि त्यातून चालून पाहा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना बटणे कोठे येतील, कपाटाचे दार उघडल्यावर एखादा प्लग झाकला जाईल का, इस्त्री कुठे करणार, मिक्सर कुठे ठेवणार, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र कोणत्या भिंतीवर येईल, हे सगळे तेव्हाच समजते. ओट्याची उंची तर चित्रांवरून मुळीच ठरवू नये. घरात जे रोज स्वयंपाक करतात त्यांना उभे करून, कोपर काटकोनात वाकवून, कोपराच्या साधारण चार इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग यावा. बत्तीस ते चौतीस इंच हे माप बहुतेकांना चालते, पण माझ्या आईला तीस इंचही जास्त होत होते आणि तिने जुन्या ओट्यापुढे वीस वर्षे पाटावर उभे राहून पोळ्या लाटल्या.

प्लंबर भिंत फोडण्यापूर्वी कमोड, बेसिन, शॉवरचा डायव्हर्टर आणि नळ विकत घेऊन घरात आणून ठेवा, किंवा किमान मॉडेल ठरवून त्यांची मापे मिळवा. कमोडचे सांडपाणी भिंतीत जाणारे आहे की जमिनीत, आणि जमिनीत असेल तर भिंतीपासून किती इंचांवर, हे आधी कळले नाही तर पाइप एका जागी आणि कमोड दुसऱ्या जागी अशी अवस्था होते. भारतीय पद्धतीचा संडास बदलताना हा घोळ हमखास होतो. घरात वयस्कर माणसे असोत वा नसोत, कमोडशेजारी आणि शॉवरजवळ धरायच्या दांडीसाठी भक्कम विटांची भिंत राखून ठेवावी.

ठेकेदाराशी ठरवताना

तीन दरपत्रके मागवा, परंतु तिन्ही जणांना एकच लेखी यादी द्या, नाहीतर त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. काम फक्त मजुरीने की मालासह, टाइल्सचा दर चौरस फुटाला आणि स्कर्टिंगचा रनिंग फुटाला किती, तुटफूट कोणाच्या माथी, राडारोडा खाली उतरवून टेम्पोत भरून नेण्याचे पैसे धरले आहेत का, जुने दरवाजे आणि भंगार कोणाचे, हे प्रत्येक कलमात स्पष्ट असावे. सिमेंट, पाइप, वायर आणि प्लायवूड यांच्यापुढे कंपनीचे व प्रकाराचे नाव लिहून घ्या. पैसे आठवड्याच्या हिशेबाने न देता कामाच्या टप्प्यांशी बांधा आणि शेवटचे दहा टक्के काम संपल्यानंतर एक महिना हाती ठेवा. ठरलेल्या रकमेपेक्षा दहा ते पंधरा टक्के अधिक तजवीज स्वतःजवळ असावी, कारण जुन्या घरात फरशीखाली काय निघेल ते फरशी उचलल्यावरच कळते. मध्येच सुचलेले प्रत्येक जादा काम, त्याच्या दरासकट, त्याच दिवशी लिहून घ्यावे. दोघांची सही असलेली एक साधी वही पुरते.

काळाचाही विचार करा. सहाशे-सातशे चौरस फुटांच्या घराचे संपूर्ण काम अडीच ते तीन महिन्यांखाली नीट होत नाही. दसऱ्याला नारळ फोडून दिवाळीला गृहप्रवेश असे ठरवणाऱ्या घरांतच सर्वांत जास्त तडजोडी होतात, शिवाय दिवाळी, छठ आणि होळीच्या सुमारास बरेचसे कारागीर गावी गेलेले असतात.

तोडफोड आणि वजन

मोझॅकची फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून दोन इंचांचा थर धरला, तरी दहा बाय बाराच्या खोलीतून एक टनाहून अधिक राडारोडा निघतो. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून आखलेला असतो. म्हणून फोडलेला माल किंवा नवी सिमेंटची पोती खोलीच्या मध्यभागी रचून ठेवू देऊ नयेत. पन्नास किलोची वीस पोती एका ठिकाणी रचली की एक टन झाले. माल भिंतीकडेने पसरून ठेवावा आणि राडारोडा रोजच्या रोज खाली न्यावा. तो नाल्यात किंवा मोकळ्या भूखंडावर जाणार नाही, हे पाहणे ही घरमालकाचीही जबाबदारी आहे. महापालिकेने नेमलेल्या जागा असतात आणि मुंबईत तर महापालिका स्वतः तो उचलून नेण्याची सशुल्क सेवा देते.

जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवली तर वेळ आणि धूळ वाचते, हे खरे. पण फरशी पाऊण इंच वर येते, दरवाजे तासावे लागतात आणि न्हाणीघर व खोली यांच्यातला पातळीचा फरक नाहीसा होतो. ज्या घरात हा फरक आधीच कमी आहे, तिथे हा मार्ग घेऊ नये. जुना ऑइलपेंट घासून काढताना लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या घरात अजिबात ठेवू नका. रंगांतल्या शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम देशात २०१६ मध्ये आला, त्याआधीच्या थरांची धूळ विषारी असू शकते.

वायरिंग

घरातली उपकरणे मोजा आणि त्यांच्या वॅटची बेरीज करा. दोन एसी, गीझर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन शेगडी एकत्र धरल्यास मंजूर भार सहज ओलांडला जातो. वीज कंपनीकडे वाढीव भाराचा अर्ज आधी करावा आणि तळमजल्यावरच्या मीटरपासून घरापर्यंत येणारी वायर तो भार सोसते का, हेही तपासून घ्यावे, कारण घरात सगळे नवे आणि जिन्यातली वायर जुनी असे अनेकदा राहून जाते.

दिवे-पंख्यांना १.५, सोळा अँपिअरच्या प्लगला २.५ आणि एसी व गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, आयएसआय चिन्हाची वायर ही सर्वसाधारण प्रथा आहे. प्रत्येक एसी आणि गीझरला स्वतंत्र सर्किट आणि स्वतःचा एमसीबी (भार वाढल्यास आपोआप बंद होणारा स्विच) हवा. एमसीबी वायरचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. विजेचा धक्का बसताना पुरवठा तोडणारे साधन म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि त्यावर पैसे वाचवण्याचा विचारही करू नये. जुन्या इमारतींत अर्थिंगची वायर कुठेतरी तुटलेली असते किंवा मुळातच नसते, तेव्हा ते मोजून घेतल्याशिवाय वायरमनचे काम पूर्ण झाले असे मानू नका. आरसीसीबी लावल्यावर तो वारंवार बंद पडू लागला, तर वायरमन तो काढून टाकायला सांगेल. तसे करू देऊ नका. कुठेतरी गळती आहे किंवा दोन सर्किटांच्या न्यूट्रल वायर एकत्र झाल्या आहेत, असाच त्याचा अर्थ असतो.

भिंती बुजवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढा. पुढे एखादे चित्र टांगण्यासाठी खिळा ठोकताना या फोटोंची किंमत कळते.

न्हाणीघर : येथे घाई नको

जुन्या घरांत न्हाणीघराचा स्लॅब बहुधा नऊ इंच ते एक फूट खाली घेतलेला असतो आणि ती पोकळी विटांच्या तुकड्यांनी भरलेली असते. वरच्या टाइल्स बदलून हे काम होत नाही. सगळा भराव काढून मूळ स्लॅब उघडा करावा, तडे भरून घ्यावेत आणि पाइप जिथे स्लॅबमधून किंवा भिंतीतून आरपार जातो तिथली फट न आकसणाऱ्या ग्राउटने बंद करावी, कारण गळती बहुतेक वेळा याच ठिकाणी सुरू होते. भिंत आणि तळ यांच्या कोपऱ्याला सिमेंटची गोलाई द्यावी, गवंडी तिला वाटा म्हणतात. मग पॉलिमरयुक्त सिमेंटच्या लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतींवर फूटभर उंचीपर्यंत आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत द्यावेत.

यानंतर पाणी भरून ठेवण्याची चाचणी. नळीचे तोंड घट्ट बंद करून तीन-चार इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा आणि किमान ४८ तास तसेच ठेवा. ही चाचणी एकदा स्लॅबवर, दुसऱ्यांदा भराव आणि त्यावरचा लेप झाल्यावर आणि तिसऱ्यांदा टाइल्स बसल्यावर करावी. दर वेळी खालच्या घरी जाऊन, त्यांच्या परवानगीने, त्यांचे छत पाहावे. आधी सांगून गेले तर शेजारी दार उघडून चहासुद्धा देतात, आणि डाग पडल्यावर गेले तर वेगळेच ऐकावे लागते.

भरावाच्या वजनाचाही विचार करा. तीस चौरस फुटांच्या न्हाणीघरात फूटभर विटांचा कोबा म्हणजे सुमारे दीड टन. त्याऐवजी हलक्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ठोकळ्यांचे तुकडे वापरल्यास वजन निम्म्याहून कमी होते, मात्र हे ठोकळे पाणी धरून ठेवतात, म्हणून वरचा लेप आणखी काळजीने करावा लागतो.

क्रम असा ठेवा : आधी पाइप, मग पाइपांना हातपंपाने दाब देऊन रात्रभर तपासणी, मग लेप, मग पाण्याची चाचणी, मग टाइल्स. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी (उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप) वापरावा आणि चिकटवलेले सांधे पूर्ण वाळल्यावरच दाब द्यावा. लेपानंतर प्लंबरला छिन्नी हाती घेऊ देऊ नये. आमच्या घरी नेमके हेच झाले. लेप झाला होता, चाचणीही झाली होती, आणि मग काचेचे पार्टिशन बसावे म्हणून नहाणी ट्रॅप (फरशीतले पाणी जाण्याचे तोंड) चार इंच सरकवण्याचे ठरले. दिवाळी आठ दिवसांवर होती. ठेकेदाराने फोडलेली जागा साध्या सिमेंटने बुजवली, आणि पुन्हा पाणी भरून पाहण्याचा आग्रह मी धरला नाही. जानेवारीत खालच्या काकूंच्या देवघरावर डाग उमटला. नव्या टाइल्स फोडून सगळे पुन्हा करताना आम्ही पाच माणसे तीन आठवडे एकाच न्हाणीघरावर होतो, आणि काकूंचे देव तितके दिवस हॉलमध्ये हलवलेले होते. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तळाला उतार चार फुटांत अर्धा ते पाऊण इंच असावा आणि टाइल्स बसवतानाच तांब्याभर पाणी ओतून ते ट्रॅपकडे जाते का ते पाहावे. न्हाणीघराची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा अर्धा इंच तरी खाली असावी आणि दारात ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा उंबरा हवा.

उरलेली कामे

टाइल्स एकाच बॅच नंबरच्या, मोजणीपेक्षा सात-आठ टक्के जास्त घ्याव्यात आणि उरलेल्या जपून ठेवाव्यात. बसवल्यानंतर दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून पोकळ आवाजाच्या टाइल्स लगेच बदलून घ्याव्यात. सुताराला मापे फरशी झाल्यावरच घेऊ द्यावीत. स्वयंपाकघरासाठी आयएस ७१० प्रतीचे प्लायवूड आणि इतरत्र आयएस ३०३ मधले पाण्याला टिकणारे प्लायवूड पुरते. वाळवीचा इतिहास असेल, तर औषध फर्निचरच्या आधी मारून घ्यावे. पाइपने येणाऱ्या गॅसची नळी भिंतीत पुरायची नाही, बंदिस्त कपाटात झाकायची नाही, आणि हलवायची असेल तर ते काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे. नव्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारावे आणि ते पूर्ण सुकल्याखेरीज लांबी (पुट्टी) भरू नये. भर पावसाळ्यात रंगारी बोलावणे टाळावे.

ताबा घेताना ठेकेदाराबरोबर घरभर फिरा. प्रत्येक नळ पाच मिनिटे सोडून ठेवा, सगळी बेसिने भरून एकदम रिकामी करा, दोन्ही एसी आणि गीझर एकाच वेळी अर्धा तास चालवा, आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून पुरवठा तुटतो का ते पाहा, आणि राहिलेल्या गोष्टींची यादी करून तिच्यावर त्याची सही घ्या. पक्की बिले, वॉरंटीची कार्डे, भिंतींचे फोटो आणि रंगांचे शेड नंबर एका फाइलमध्ये ठेवून ती घरातल्या एमसीबीच्या पेटीजवळ लावून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी प्लंबर आला की घरातल्या कोणालाही ती सापडेल.